मापाची रुजवात

चाकणच्या बाजारात कांद्याच्या राशीपाशी शेतकरी आणि आडत्या समोरासमोर आले म्हणजे त्यांच्या मधोमध मापाडी नावाचा एक तिसरा इसम येऊन उभा राहतो. माल त्याचा नसतो, पैसा त्याचा नसतो, भाव चढला काय किंवा कोसळला काय, त्याच्या मापाईत फरक पडत नाही. आणि नेमक्या ह्याच कारणास्तव त्याने पुकारलेला आकडा दोन्ही पक्षांना मान्य होतो. बाजारांच्या नियमनाचा कायदा मुंबई इलाख्यात 1939 साली झाला. परंतु विकणाऱ्याने आपला माल आपणच मोजू नये आणि घेणाऱ्यानेही तो मोजू नये, हा संकेत त्या कायद्याहून पुष्कळ जुना आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास सांगताना कारखान्यांची संख्या, मोटारींचे उत्पादन आणि जमिनींचे भाव ह्यांची मोजदाद नेहमीच होते. प्रस्तुत लेखात मात्र मापाड्याचाच माग काढावयाचा आहे. आणि तो माग ह्या बाजारातून निघून, फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या एका अजस्र चुंबकी यंत्राच्या पोटात सेकंदाला सुमारे 13,000 किलोमीटर वेगाने जन्मास येणाऱ्या हेलियमच्या कणांपर्यंत जाऊन पोहोचतो.

इंग्रजी अंमल पुणे प्रांतात कायम झाल्यावर जमाबंदीसाठी पहिली पद्धतशीर मोजणी रॉबर्ट कीथ प्रिंगल ह्या मुलकी अधिकाऱ्याने 1828 च्या सुमारास हाती घेतली. विलायतेतील अर्थशास्त्राचे नवे सिद्धान्त त्याने मन लावून अभ्यासिले होते. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढावे आणि त्याच्या 55 टक्के सारा ठरवावा, ही त्याची योजना कागदावर निर्दोष होती. परंतु ज्या मोजणीवर ही सारी इमारत उभी होती, ती मोजणी हाताखालच्या अंमलदारांनी केलेली, तिचा पडताळा घेण्याची व्यवस्था अपुरी, आणि उत्पन्नाचे आकडे तर बव्हंशी अनुमानाचे. परिणामी आकारणी न झेपल्यामुळे अनेक ठिकाणी रयतेने जमिनी पडीक टाकल्या आणि गाव सोडले. पुढे 1835 साली गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोघांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी आरंभिली, तेव्हा त्यांनी सिद्धान्ताचा हट्ट कमी केला आणि रुजवातीचा वाढविला: कनिष्ठ मोजणीदाराने मोजलेल्या शेतांपैकी काही शेते वरिष्ठाने स्वतः फिरून मोजावयाची, आणि दोन आकड्यांत ठरावीक मर्यादेपलीकडे तफावत आढळली तर मूळ काम रद्द समजावयाचे. रयतवारीची जी पद्धत पुढे साऱ्या इलाख्यात रूढ झाली तिचे बळ ह्या पुनर्मोजणीत होते.

तेहतीस फुटी साखळीच्या वर्गाला गुंठा म्हणतात आणि असे चाळीस गुंठे मिळून एकर होतो, हे ह्या पट्ट्यातील लहान पोरासही ठाऊक असते; कारण 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर भोसरी, पिंपरी, चिंचवड आणि कालांतराने चाकण येथील शेते संपादिली गेली ती ह्याच मापाने. गुंठ्यांच्या ह्या मुलखात मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या सहस्रांशाचा, अंमल कसा बसला, हा इतिहास त्याहून अधिक चित्तवेधक आहे. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा तेथे तयार होणाऱ्या पेनिसिलिनचा कस नुसत्या वजनावर ठरत नव्हता. जंतूंची वाढ केलेल्या काचेच्या बशीत औषधाचा थेंब ठेवावयाचा, त्याच्याभोवती जंतू मरून जे निर्मळ वर्तुळ पडते त्याचा व्यास मोजावयाचा, आणि प्रमाणभूत नमुन्याने पाडलेल्या वर्तुळाशी तो ताडून मग औषधाची शक्ती एककांत सांगावयाची, असा तो विधी होता. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभारावयास घेतला तो 1966 च्या सुमारास, परंतु येथून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते 1977 साली. मधल्या दशकात आधी यंत्र-अवजारे घडविणारे विभाग आणि उमेदवारांचे शिक्षण ह्यांवर त्यांनी भर दिला. गाडी बनविण्यापूर्वी गाडीचे भाग अचूक बनविणारी आणि अचूक तपासणारी माणसे बनवावी लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

ज्या मिस्त्रीने आयुष्यभर इंचाचा आठवा भाग ‘सूत’ म्हणून ओळखला, आणि सुताच्या अंदाजाने दरवाजे, नांगर व बैलगाडीचे आख बसविले, त्याच्या मुलाच्या हाती ह्या काळात व्हर्निअर आणि मायक्रोमीटर आले. त्या मुलाने लेथवर भोक पाडले म्हणजे ते बरोबर आहे किंवा नाही हे तो स्वतः पाहतोच. परंतु त्याच्या पाहण्याने माल पास होत नसे. तपासनीस येई, ‘गो’ आणि ‘नो-गो’ अशी दोन टोके असलेले प्लग गेज घेई, एक टोक आत जाई, दुसरे अडे, आणि मगच त्या भागावर शिक्का बसे. त्या गेजची रुजवात पुन्हा गेजरूममध्ये, 20 अंश सेल्सियस ह्या प्रमाण तपमानावर राखलेल्या खोलीत, स्लिप गेजांशी होई. आणि स्लिप गेजांची त्यांच्याहून श्रेष्ठ अशा संचाशी. करणारा आणि तपासणारा निरनिराळा असावा, आणि तपासणाऱ्यालाही तपासणारा कोणी असावा, ही साखळी ह्या पट्ट्याने अंगी बाणविली. फोक्सवॅगनसारखे परदेशी कारखानदार 2009 साली चाकणला आपली दारे उघडते झाले, त्यामागे जमीन, रस्ता आणि बंदर ह्यांच्याइतकीच ही अंगवळणी पडलेली शिस्त कारणीभूत होती, असे मला वाटते.

ह्या शिस्तीचे आजचे एक टोक पाहावयाचे असेल तर मोटारींच्या वातानुकूलनाचे भाग बनविणाऱ्या कारखान्यात गळती-परीक्षेच्या यंत्रापाशी थोडा वेळ उभे राहावे. पूर्वी असा भाग पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत. परंतु वर्षाकाठी काही ग्रॅम वायू जाऊ देणारे छिद्र बुडबुड्याने कळत नाही. आता तो भाग एका पेटीत बसवितात, पेटीचे झाकण लागते, पंप आतली हवा खेचून घेतात, भागाच्या पोटात हेलियम भरला जातो, आणि पेटीत एखादा चुकार अणू निसटला तर तो वस्तुमान-वर्णपटमापकाकडे जातो. तेथे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने हेलियमच्या अणूतील एक इलेक्ट्रॉन उडतो, मागे धनभारित आयन उरतो. विद्युद्दाबाने त्याला गती दिली जाते, चुंबकाने त्याचा मार्ग वाकविला जातो, आणि केवळ हेलियमच्या वजनाचे आयन जेथे पोहोचतात तेथे ठेवलेल्या पट्टीवर त्यांची गणती होते. हिरवा दिवा लागला तर भाग पुढे जातो, लाल लागला तर बाजूच्या जाळीत पडतो. पाळीच्या आरंभी कामगार एक लहान नळकांडे यंत्रास जोडतो, ज्यातून हेलियम ठरावीक आणि आधीच प्रमाणित केलेल्या गतीने झिरपतो. यंत्राने तो आकडा बरोबर दाखविला तरच काम सुरू होते. हे यंत्र मुळात 1940 नंतरच्या महायुद्धकालीन वर्षांत, अमेरिकेतील युरेनियम-शुद्धीकरणाच्या प्रचंड नळजाळ्यांतील गळती हुडकण्यासाठी, आल्फ्रेड नीर ह्या शास्त्रज्ञाच्या उपकरणांतून घडले. हवेच्या दहा लाख भागांत हेलियम जेमतेम पाच भाग असतो, म्हणून आकड्यात भलतीच भेसळ होत नाही.

हेलियमचा आणि ह्या भूभागाचा संबंध मात्र मोटारींहून बराच पूर्वीचा आहे. 18 ऑगस्ट 1868 रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया हिंदुस्थानावरून गेली. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सन गुंटुरास, पॉगसन मच्छलीपट्टणास, आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्यातील लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. जमीन मोजणाऱ्या खात्यातील अधिकाऱ्याने त्या दिवशी सूर्याच्या ज्वालांचा प्रकाश पारखावा, हा योग मार्मिक होय. त्या प्रकाशात जी पिवळी रेषा होती ती सोडियमची असावी असा प्रथम समज झाला. पुढे 20 ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयरने, ग्रहण नसतानाच सूर्याच्या कडेवर, तिची जागा निश्चित केली आणि ती सोडियमच्या रेषांपासून वेगळी असल्याचे ठरले. लॉकयरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला अशी लोकसमजूत आहे. वस्तुतः तो विजयदुर्गास आला तो 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी, आणि किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्या मोहिमेचे स्मारक मानावयास हवेत. त्याच ग्रहणास पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊरला दुर्बिणी घेऊन गेले होते. तोवर रॅम्से ह्याने 1895 साली हेलियम भूतलावरील खनिजातून काढून दाखविला होता. एका रेषेच्या पिवळेपणावर मूलद्रव्याची सनद मिळावी, आणि ती रसायनशाळेत रुजू व्हावयास सत्तावीस वर्षे लागावी, असा हा प्रवास आहे.

ह्यानंतर घटना वेगाने घडल्या. रदरफोर्डने किरणोत्सर्गी द्रव्यांतून सुटणारे अल्फा-कण म्हणजे हेलियमचीच केंद्रके होत, हे सिद्ध केले. अॅस्टनने आपल्या वर्णपटमापकाने दाखविले की हायड्रोजनचे चार अणू मिळून जेवढे भरतात त्याहून हेलियमचा अणू किंचित हलका असतो. आणि एडिंग्टनने 1920 साली कार्डिफच्या सभेत अनुमान मांडले की ही वजनातील तूट हीच सूर्याच्या तेजाची पुंजी असली पाहिजे. सूर्याचे हे कृत्य पृथ्वीवर करून दाखविण्याचा उद्योग पुढे अनेक राष्ट्रांनी गुप्तपणे आरंभिला. ऑगस्ट 1955 मध्ये, म्हणजे पिंपरीचे पेनिसिलिन बाजारात येऊ लागले त्याच सुमारास, जिनीव्हाच्या अणुशक्ती-परिषदेच्या अध्यक्षपदावरून मुंबईच्या होमी भाभांनी भाकीत केले की केंद्रकांच्या संमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मोकळी करण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल. त्या उद्गाराने ह्या विषयाची उघड चर्चा सुरू झाली. भाकीत चुकले. ते का चुकले ह्याचे अर्धे उत्तर उष्णतेत आहे. उरलेले अर्धे, माझ्या मते, मापात आहे.

जानेवारी 1958 मध्ये इंग्लंडच्या हार्वेल प्रयोगशाळेने जाहीर केले की ‘झीटा’ नामक यंत्रात ड्युटेरियम ह्या जड हायड्रोजनचा वायू तापवून त्यांनी न्यूट्रॉन मिळविले असून ते बहुधा संमीलनाचेच आहेत. वर्तमानपत्रांनी मानवनिर्मित सूर्याची द्वाही फिरविली. मात्र त्याच हार्वेलमधील बेसिल रोझ ह्याने, जो झीटाच्या चमूतील नव्हता, त्या न्यूट्रॉनांची ऊर्जा दिशेप्रमाणे मोजून पाहिली. वायू सर्वत्र सारखाच तापलेला असेल तर न्यूट्रॉनही सर्व दिशांना सारख्याच ऊर्जेचे निघावयास हवेत. त्याला मात्र विद्युत्प्रवाहाच्या दिशेने एक आकडा मिळाला आणि उलट दिशेने दुसरा. म्हणजे न्यूट्रॉन खरे होते, परंतु ते तप्त वायूच्या साऱ्या कणांनी दिलेले नव्हते. अंतर्गत विद्युत्क्षेत्रांनी मूठभर आयनांना भलतीच गती मिळाली होती आणि ते आपल्या मंद सोबत्यांवर आदळत होते. मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला. आज ज्यांना शीघ्र आयन म्हणतात त्यांनी ह्या विद्येला दिलेला हा पहिला चकवा होता, आणि प्रिंगलच्या मोजणीप्रमाणेच येथेही आकडा काढणारा व आकड्याची गरज असणारा एकच होता.

ह्याच्या उलट उदाहरण दहा वर्षांनी मॉस्कोत घडले. तेथील शास्त्रज्ञांनी टोकामाक नावाच्या कंकणाकृती यंत्रात सुमारे एक कोटी अंशांपर्यंत वायू तापविल्याचे 1968 साली सांगितले. झीटाने पोळलेल्या पश्चिमेने विश्वास ठेवला नाही. तेव्हा रशियनांनी शीतयुद्धाच्या ऐन भरात इंग्लंडच्या कलहॅम प्रयोगशाळेतील परक्या शास्त्रज्ञांनाच बोलाविले. ते आपली टनावारी सामग्री घेऊन आले, लेसरचा झोत वायूत सोडून इलेक्ट्रॉनांनी विखुरलेल्या प्रकाशावरून त्यांनी तपमान काढले, आणि 1969 साली जाहीर केले की रशियनांचा दावा खरा आहे. एवढ्या एका रुजवातीने जगभरच्या प्रयोगशाळांनी आपली यंत्रे मोडून टोकामाक उभारण्यास प्रारंभ केला.

आता ह्या कथेचा गाभा. हायड्रोजनच्या ड्युटेरियम आणि ट्रिटियम ह्या जड प्रकारांचे संमीलन झाले म्हणजे एक न्यूट्रॉन 1 कोटी 41 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टांची ऊर्जा घेऊन भिंतीकडे निघून जातो, आणि एक हेलियमचे केंद्रक 35 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन मागे राहते. आजूबाजूचा वायू 15 कोटी अंशांवर तापलेला असला, तरी त्याचे आयन ह्या नवजात केंद्रकाच्या मानाने साधारण दहापट मंद असतात. विद्युद्भारित असल्यामुळे हे केंद्रक चुंबकी क्षेत्रात अडकून गिरक्या घेते, आणि आपली गती सोबत्यांना वाटीत वाटीत मंदावते; ही वाटणी पुरी झाली तर वायू स्वतःच्याच उष्णतेवर तप्त राहतो. परंतु हे शीघ्र आयन वाटणीपूर्वीच निसटले, तर दुहेरी हानी: चुलीची आच गेली, आणि जेथे ते आदळले तेथील भिंत भाजली. 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत प्रिन्स्टनच्या यंत्रात असे आढळले की बाहेरून सोडलेल्या झोताचे शीघ्र आयन वायूत एक कंप चेतवितात आणि तोच कंप त्यांना बाहेर फेकतो. त्या कंपाचा आलेख माशाच्या काट्यांसारखा दिसे, म्हणून त्याला तेच नाव पडले.

अशा आयनाला पकडून मोजता येत नाही, कारण ज्या पोटात तो असतो तेथे कोणतेही उपकरण क्षणभर टिकणार नाही. म्हणून त्याच्या कृत्यांवरून त्याची साक्ष काढावी लागते. लेनिनग्राडच्या योफे संस्थेने 1960 च्या सुमारास ही युक्ती बसविली: काही आयन वाटेत एखाद्या उदासीन अणूचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतात, भाररहित होतात, चुंबकाचा तुरुंग त्यांना बांधीत नाही आणि ते सरळ बाहेर येतात, बाहेर त्यांचा इलेक्ट्रॉन पुन्हा काढून, विद्युत् व चुंबकी क्षेत्रांनी त्यांचा मार्ग वाकवून त्यांची गणती करावयाची. चाकणच्या गळती-परीक्षकाच्या चुंबकाशी ह्या यंत्राचे सख्खे नाते आहे. दुसरी पद्धत कॅलिफोर्नियातील हाइडब्रिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ केली: इलेक्ट्रॉन मिळविलेला शीघ्र अणू प्रकाश सोडतो, आणि तो धावता असल्यामुळे त्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो, सरकणे मोजले की वेग कळतो. तिसरी, सूक्ष्मतरंगांचा झोत विखुरण्याची. चौथी, भिंतीशी ठेवलेल्या चकाकत्या पट्टीची, जिच्यावर निसटलेला आयन आदळला की ठिपका उमटतो आणि ठिपक्याच्या जागेवरून आयनाच्या गिरकीची त्रिज्या व कोन कळतात. शिवाय न्यूट्रॉन मोजण्याची जुनी पद्धत आहेच. एकाही पद्धतीला सारे आयन दिसत नाहीत. कोणाला अमुक दिशेने धावणारे दिसतात, कोणाला तमुक वेगाचे. म्हणून गेल्या दशकात ह्या निरनिराळ्या साक्षी गणिताने एकत्र जुळवून आयनांच्या वेगांचा पूर्ण नकाशा रेखाटण्याचे शास्त्र तयार झाले आहे.

ह्या मापनात भारताचा वाटा कोणता, हा प्रश्न साहजिक आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत 1982 साली प्लाझ्मा-विद्येचा, म्हणजे अशा तप्त विद्युद्भारित वायूच्या अभ्यासाचा, जो कार्यक्रम निघाला, त्यातून 1986 मध्ये गांधीनगरनजीकची प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली. प्रेधिमान कृष्ण कॉ हे तिचे दीर्घकाळचे संचालक. आणि 1989 मध्ये तेथे ‘आदित्य’ हा टोकामाक चालू झाला. फ्रान्समधील काडाराश येथे सात भागीदारांनी उभारावयाच्या ‘इटर’ ह्या यंत्राचा करार 21 नोव्हेंबर 2006 रोजी झाला, त्यांत भारत एक आहे. भारताच्या हिश्शाचे काम पाहणाऱ्या संघटनेची धुरा शिशिर देशपांडे ह्यांनी अनेक वर्षे वाहिली. भारताने पत्करलेल्या कामांत एक निदान-झोत आहे: हायड्रोजनचे ऋणभारित आयन एक लाख व्होल्टांनी धाववावयाचे, मग त्यांचा जादा इलेक्ट्रॉन काढून घेऊन भाररहित झोत तप्त वायूत सोडावयाचा. जे हेलियम आपली गती वाटून राख होऊन बसले आहे ते ह्या झोतातील अणूचा इलेक्ट्रॉन उचलील आणि 468.6 नॅनोमीटरचा निळा प्रकाश सोडील; त्याच्या तेजावरून राख किती साचली हे कळेल. ह्याच रेषेला एके काळी हायड्रोजनच्या खात्यात नोंदविले होते, आणि 1913 साली बोरने ती आयनीभूत हेलियमच्या नावे वर्ग केली.

आणि येथे एक विलक्षण अडचण आहे, जी चाकणच्या कामगारास सांगितली तर तो चटकन समजेल. गळती-परीक्षकाचा सारा भरवसा ह्यावर असतो की चार वजनाचे दुसरे काही पेटीत नाही. संमीलनाच्या यंत्रात इंधन म्हणून ड्युटेरियम असतो, आणि ड्युटेरियमच्या रेणूचे वजनही चारच. सूक्ष्म पाहिले तर हेलियमचे 4.0026 आणि त्याचे 4.0282. एवढा फरक ओळखण्याइतके तीक्ष्ण यंत्र नसेल, तर इंधनालाच राख समजण्याची आणि राखेला इंधन समजण्याची चूक होईल. म्हणून तेथे एका मापावर विसंबता येत नाही. प्रकाशाची साक्ष वजनाच्या साक्षीशी ताडावी लागते.

इटरमध्ये ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग सध्याच्या वेळापत्रकाप्रमाणे 2039 साली सुरू व्हावयाचे आहेत. त्या प्रयोगांत 50 मेगावॉट देऊन 500 मिळाले असा आकडा जाहीर झाला, तर जग तो मान्य करील किंवा नाही, हे यंत्र किती तापले ह्यावर ठरणार नाही. निरनिराळ्या राष्ट्रांनी, निरनिराळ्या तत्त्वांवर बनविलेली मापे एकमेकांशी जुळली किंवा नाही, ह्यावर ठरेल. आपल्या पट्ट्यापुरता ह्यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. जुने कारखाने बंद पडतात किंवा स्थलांतर करतात तेव्हा लेथ विकले जातात, जमीन विकली जाते, आणि गेजरूमची दप्तरे, म्हणजे कोणते माप कोणत्या दिवशी कोणाशी ताडून पाहिले आणि किती चुकीचे आढळले ह्यांच्या नोंदवह्या, रद्दीच्या भावाने जातात. प्रिंगलची मोजणी का फसली हे आज सांगता येते, कारण तिच्यावरील आक्षेपांचे कागद जपले गेले. पिंपरी-चिंचवडच्या उद्योगाचा इतिहास ज्यांना पुढे लिहावयाचा आहे त्यांच्यासाठी उत्पादनाच्या तक्त्यांपेक्षा ह्या नोंदवह्या अधिक मोलाच्या आहेत, आणि त्या जपण्याची जबाबदारी कारखानदारांच्या संघटनांनी व येथील महानगरपालिकेने आताच घेतली पाहिजे.